तुम्हाला विचारल्याशिवाय पानही हलत नाही

वाचकाचं पत्र : यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ऑर्डर आणि ग्राहकसेवा विभागाची प्रमुख आहे. १४ महिन्यांपूर्वी बढती मिळाली. हाताखाली ९ जण आहेत, त्यातले बरेचसे आधी माझे सहकारीच होते. दर सोमवारी मी सगळ्यांशी अर्धा तास उत्साह वाढेल असं बोलते. ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ असं बक्षीस सुरू केलं, तर त्यावरून कुजबुज सुरू झाली. बैठकीत कुणी तोंड उघडत नाही, पण एरवी बारीकसारीक गोष्टसुद्धा मला विचारायला येतात. काम अर्धंमुर्धं हातात येतं आणि ते दुरुस्त करत मी रात्री दहापर्यंत बसते. एक सहकारी माझ्याहून सहा वर्षांनी जुने आहेत, ते सांगितलं तेवढंच करतात. घरी असले तरी डोकं ऑफिसात असतं. लोकांना मोटिव्हेट कसं करू?

उत्तर : तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण त्याचं उत्तर तुम्ही थोडं आधीच लिहून ठेवलं आहे : ‘ते दुरुस्त करत मी रात्री दहापर्यंत बसते.’ तिथूनच सुरुवात करू.

काम कच्चं येतं, रात्री तुम्ही ते पक्कं करता आणि सकाळी ते पुढे जातं. ज्याने ते केलं त्याला चूक कळतच नाही. फार तर एवढं कळतं की आपण कसंही दिलं तरी शेवटी मॅडम बघून घेतात. महिनाभर असं झालं की शहाणा माणूस त्या कामात जीव ओतणं थांबवतो, कारण ओतलेला जीव कुठे पोचत नाही. तुम्हाला जी उत्साहाची कमतरता वाटते आहे, ती बऱ्याच अंशी इथे तयार होते. तुमच्या माणसांत उमेद आहे असं मी गृहीत धरते. कामाचा प्रत्येक रस्ता तुमच्या टेबलावरून जातो, म्हणून ती अडून बसली आहे. तेव्हा सोमवारचं भाषण आणखी चांगलं कसं करावं हे मी सांगणार नाही. टेबल मोकळं कसं करायचं ते सांगते.

पुढचे १० कामकाजाचे दिवस एक वही जवळ ठेवा. कुणीही काही विचारायला आलं की चार गोष्टी टिपा : कोण आलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं आणि हे विचारावं का लागलं. या दिवसांत वागणं अजिबात बदलू नका. ‘आता मला विचारू नका’ असं पहिल्याच दिवशी म्हणालात तर लोक विचारणं थांबवतील, अडचणी मात्र तशाच राहतील आणि वही खोटी ठरेल. नोंद त्याच क्षणी करा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या यादीत मोठे प्रश्न उरतात, छोटे गळतात, आणि तुमचा दिवस खातात ते छोटेच.

दहा दिवसांनी शेवटचा रकाना वाचा. बहुतेक प्रश्नांमागे तीनपैकी एक कारण दिसेल : माहिती नव्हती, अधिकार नव्हता किंवा धास्ती होती. थोडे प्रश्न खरोखर तुमच्याच पातळीचे असतील, ते तुमच्याकडेच राहू द्या. तिन्ही कारणांचा इलाज वेगळा आहे. ते एकात कालवले की काहीच सुटत नाही. अधिकार नसलेल्या माणसाला प्रशिक्षण देऊन उपयोग नाही आणि घाबरलेल्याला नियमावली देऊन उपयोग नाही.

माहितीचं काम सर्वांत सोपं. एकच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर अर्ध्या पानात लिहून काढायचं. ते तुम्ही लिहू नका, ज्याने विचारलं त्याला लिहायला सांगा आणि तुम्ही तपासा. लिहिताना त्याला स्वतःला कळतं, आणि नव्या माणसाला काय समजत नाही हे त्यालाच जास्त ठाऊक असतं. सगळी पानं एकाच ठिकाणी ठेवा, प्रत्येकावर तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव टाका. तारीख नसलेल्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि लोक पुन्हा तुमच्याकडेच येतात. एका दमात जाडजूड मॅन्युअल करायला घेऊ नका. ते पुरं होत नाही, आणि झालं तरी कुणी उघडत नाही.

अधिकाराची बाब मोलाची आहे, तिथे जरा थांबू. ‘तुम्ही तुमच्या पातळीवर ठरवा’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण पातळी कुठवर आहे ते कुणालाच माहीत नसतं. मग चुकून ओलांडण्यापेक्षा विचारलेलं बरं, असा हिशोब माणूस करतो आणि तो बरोबरच असतो. म्हणून हद्द आकड्यात लिहा. तुमच्या विभागापुरतं उदाहरण घ्या. माल पाठवण्याची तारीख दोन दिवसांपर्यंत पुढे ढकलायची असेल तर स्वतः ठरवा, मला सांगायचीही गरज नाही. तीन ते पाच दिवस असतील तर स्वतः ठरवा आणि त्याच दिवशी मला कळवा. त्याहून जास्त असेल तर आधी विचारा. सदोष भाग बदलून देण्याची मर्यादाही अशीच पैशात ठरवा. आकडा अंदाजाने घेऊ नका. मागच्या तीन महिन्यांतली सगळी प्रकरणं काढा, रकमेनुसार चढत्या क्रमाने लावा आणि चारातली तीन प्रकरणं जिच्या आत बसतील ती रक्कम घ्या. मर्यादा फार खाली ठेवली तर रांग कमी होणार नाही, फार वर ठेवली तर एकाच चुकीत मोठा फटका बसेल. जाहीर करण्याआधी तुमच्या वरिष्ठांची आणि हिशेब विभागाची लेखी संमती घ्या. पहिल्याच महिन्यात हिशेब विभागाने बिल परत पाठवलं तर दिलेला अधिकार कागदावरच राहील.

एक खड्डा इथे हमखास लागतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी असा निर्णय घेईल जो तुम्ही घेतला नसता. तो हद्दीच्या आत असेल आणि ग्राहकाचं किंवा कंपनीचं नुकसान होत नसेल, तर तो तसाच राहू द्या. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका. तो एक निर्णय तुम्ही फिरवलात की सगळ्या ९ जणांना त्याच दिवशी बातमी कळेल आणि अधिकार आपोआप तुमच्या टेबलावर परत येऊन बसेल.

आता धास्ती. बैठकीतली शांतता आणि बारीकसारीक विचारणं तुम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मूळ एकच आहे : चुकलं तर काय होईल याची खात्री नाही. वरच्या माणसासमोर बोलायला कचरणं किती खोल असतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण विमानवाहतुकीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या अत्यंत अनुभवी कॅप्टनने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणाची धाव सुरू केली होती. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनीअरने बोलूनही दाखवली. कॅप्टनने ती उडवून लावली, आणि मग कुणी पुन्हा जोर धरला नाही. धुकं, गर्दी, रेडिओवरचे एकमेकांवर आदळलेले संदेश अशी इतरही कारणं होती. पण अशा अपघातांनंतर वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं. कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनला ऐकायला, दोन्ही गोष्टी शिकवायला सुरुवात झाली. त्यातलं दुसरं शिक्षण तुमच्यासाठी आहे.

तुमच्या बैठकीत हे असं आणा. विषय मांडा आणि तुमचं मत सांगू नका. प्रत्येकाला ३ मिनिटं कागदावर लिहू द्या, मग सर्वांत नव्या माणसापासून वाचून दाखवायला सांगा. तुम्ही शेवटी बोला. ‘कुणाला काही शंका?’ हा प्रश्न बंद करा, कारण त्यावर शांत बसणं सगळ्यांत सोपं असतं. त्याऐवजी विचारा : ‘ही योजना महिनाभरात फसली असं धरा. कशामुळे फसली असेल?’ या प्रश्नात दोष काढणं हेच काम ठरतं, त्यामुळे तुमच्याविरुद्ध बोलल्यासारखं कुणाला वाटत नाही. पहिल्या एक-दोन वेळा उत्तरं बेताचीच येतील. धीर धरा. कुणीतरी एक नकोसं सत्य बोलेल आणि सगळे तुमच्याकडे बघतील, तो क्षण महत्त्वाचा. तेव्हा स्पष्टीकरण देऊ नका. ‘हे बरं झालं सांगितलंत, याचं काय करायचं ते परवापर्यंत सांगते’ एवढंच म्हणा आणि परवा खरोखर सांगा.

काम सोपवण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण अर्धंमुर्धं काम बहुतेक वेळा अर्धंमुर्धं सांगितल्यामुळे येतं. सोपवताना पाच गोष्टी सांगून होतात की नाही ते बघा : शेवटी हातात काय हवं, ते कोण वापरणार आणि कशासाठी, कधीपर्यंत, कशाला हात लावायचा नाही, आणि पहिला मसुदा कधी दाखवायचा. यातली दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ‘तक्रारींचा अहवाल करा’ म्हटलं तर माणूस आकडे लावून देतो. ‘उत्पादन विभाग या अहवालावरून ठरवणार आहे की कोणता भाग आधी तपासायचा’ असं सांगितलं तर तो तक्रारी भागांनुसार लावतो. सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारू नका, हो असंच उत्तर येतं. ‘सुरुवात कुठून करणार?’ असं विचारा. गैरसमज असेल तर तिथेच, दोन मिनिटांत उघडा पडतो.

पहिला मसुदा काम पाव झालं असतानाच बघा. पूर्ण झाल्यावर दिशा चुकलेली दिसली तर त्याचाही वेळ गेला आणि तुमचीही रात्र गेली. बघताना एक नियम कडक पाळा : पेन त्याच्या हातात. तुम्ही शेजारी बसा, दाखवा, दुरुस्ती तो करेल. १० मिनिटं लागतील तिथे २५ लागतील, हे खरं आहे. पण तीच चूक तुम्ही वर्षभर दर आठवड्याला रात्री सुधारण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

चूक दाखवताना शब्द कामावर ठेवा, माणसावर नको. १९९६ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून निघून स्वतःवर, स्वतःच्या प्रतिमेवर गेलं की अभिप्रायाचा गुण कमी होतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. ‘तुमचं लक्ष नसतं’ म्हटलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो. ‘या तीन पत्रांत माल पोचण्याची तारीख नाही, तारीख नसली की ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन करतो’ म्हटलं की तो तारीख लिहायला लागतो. स्तुतीलाही हेच लागू. ‘छान’ म्हणून सोडू नका, नेमकं काय छान झालं आणि त्यामुळे काय घडलं ते सांगा.

बक्षीस बंद करा. ९ जणांत दर महिन्याला एक जिंकतो, म्हणजे तुम्ही दर महिन्याला ८ जणांना सांगता की तुमचं थोडं कमी पडलं. शिवाय जे मोजलं जातं तेच होतं. निकष ‘किती तक्रारी मिटवल्या’ असा असेल तर सोप्या तक्रारी पटापट उचलल्या जातील आणि किचकट तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे आठवतात. विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवणारी कोडी दिली. काहींना ती सोडवण्याचे पैसे देऊ केले, आणि पुढे पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्यांचा कोड्यांतला रस कमी झालेला दिसला. शाब्दिक शाबासकी मिळालेल्यांचं तसं झालं नाही. यावरून पगार-बोनसचं महत्त्व नाही असा अर्थ काढू नका. कुजबुजीचं कारण मात्र समजतं. बक्षीस गुपचूप विरू देऊ नका. चालू महिन्याचं द्या, आणि पुढच्या महिन्यापासून ते का थांबवत आहात हे सरळ सांगा. लोक तुमची चूक मोजणार नाहीत, तुम्ही ती कबूल केलीत हे लक्षात ठेवतील.

सोमवारचा अर्धा तासही परत घ्या. त्याऐवजी रोज सकाळी १० मिनिटं, शक्यतो उभ्यानेच, प्रत्येकाला दोन प्रश्न : काल काय पुढे सरकलं, आज काय अडलं आहे? काही अमेरिकी संशोधकांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२ हजार रोजच्या नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांत सर्वांत जास्त वेळा दिसलेली गोष्ट कोणती, तर अर्थपूर्ण कामात त्या दिवशी थोडी तरी प्रगती झाली होती. म्हणून या १० मिनिटांनंतरचा तास तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्या तासात अडलेली एक तरी गोष्ट सोडवा, मग ती दुसऱ्या विभागाला केलेला फोन असो की रखडलेली सही. अडचणी नुसत्या ऐकून घेतल्या आणि हलल्या नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात सगळे ‘काही नाही’ म्हणायला लागतील.

आता तुमच्याहून सहा वर्षांनी जुने असलेले ते सहकारी. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, आणि ते लिहिताना तुम्हाला अवघड गेलं असावं. त्यांना ‘तुम्ही पूर्वीसारखे उत्साही का नाही?’ असं विचारू नका. या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. शांतपणे ४५ मिनिटं बसा आणि जे आहे ते बोला : ‘ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मी समजू शकते. ते मला बदलता येणार नाही. पण तुमचं काम तुमच्या अनुभवाच्या तोलाचं नाही असं मला वाटतं, आणि ते बदलता येईल.’ मग गप्प बसा. शांतता लांबली तरी भरून काढू नका.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५० च्या दशकात सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या. नाराजीची कारणं आणि समाधानाची कारणं वेगवेगळी असतात, असं त्यांचं म्हणणं. पगार, धोरणं, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस नाराज होतो, पण काम आवडायला लागतं ते जबाबदारी, यश आणि कामाच्या स्वरूपामुळे. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, तरी ही विभागणी त्या ४५ मिनिटांत उपयोगी पडेल. तुमच्या त्या सहकाऱ्यांचं दुखणं पगाराचं किंवा पदाचं निघालं तर त्यावर जबाबदारीचा लेप लावू नका. वरिष्ठांना विचारा आणि ठरलेल्या तारखेला उत्तर आणून द्या, नकार असला तरी. दुखणं कामाचं असेल तर एक सबंध काम त्यांच्या नावावर करा. किचकट तक्रारींचा सगळा गुंता, हद्द आणि अधिकारासह, हे चांगलं उदाहरण ठरेल. ‘नव्यांना जरा शिकवा’ असलं मोघम काम देऊ नका, ते सांत्वन वाटतं. तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर कामाबद्दलची बोलणी इतर कुणाशी कराल तशीच स्पष्टपणे करा. जुन्या मैत्रीपोटी त्यांना सूट दिलीत तर बाकीचे आठ जण ती पाहतील.

असं एकेकट्याशी बोलणं सगळ्यांबरोबर हवं. ९ जण, दर पंधरवड्याला प्रत्येकी ३० मिनिटं, म्हणजे दोन आठवड्यांत साडेचार तास. हा वेळ जास्त वाटेल, पण तुमची वही दाखवेल की किरकोळ प्रश्नांत याहून जास्त जातो. वेळ बदलली तरी चालेल, रद्द करू नका. पहिली १५ मिनिटं त्यांची. प्रत्येक भेटीत दिलेला शब्द लिहून ठेवा आणि पुढची भेट त्याच ओळीपासून सुरू करा.

तुमच्या रात्रीबद्दल थोडंसं. एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५. आपण सगळेच असे चुकतो. म्हणून दिवस आखताना अंदाज घेऊ नका, मागच्या वेळी तेच काम प्रत्यक्षात किती वेळात झालं ते बघा. निघण्याआधीची १५ मिनिटं राखा. अर्धवट कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे पुढचं पाऊल आणि वेळ लिहा : ‘उद्या साडेनऊ, वाहतूक विभागाला फोन’. डोकं घरी येत नाही ते पुष्कळदा काम उरल्यामुळे नसतं, त्याचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे असतं. रात्री सुचलेले निरोप लिहून ठेवा, पण सकाळी पाठवा. प्रमुखाचा रात्री दहाचा निरोप ‘उद्या बघा’ असं म्हणत असला तरी वाचणारा त्याच रात्री बघतो. निघण्याची वेळ सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस ठरवा आणि ते दोन दिवस काही झालं तरी पाळा. पाचही दिवस एकदम ठरवलेत तर बुधवारी मोडेल आणि मग सगळंच सुटेल.

शेवटचा इशारा महत्त्वाचा आहे. हे सगळं सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत चुका वाढतील. आतापर्यंत त्या रात्री तुमच्या हातून गाळल्या जात होत्या, आता दिसायला लागतील. तेव्हा ‘मीच करते’ असं तुम्हाला फार जोरात वाटेल. त्यासाठी आधीच एक विभागणी लिहून ठेवा. जी चूक फोन करून, नवा भाग पाठवून किंवा माफी मागून दुरुस्त होते, ती होऊ द्या. जी दुरुस्त होत नाही, म्हणजे चुकीच्या मापाचा भाग ग्राहकाच्या यंत्रात बसण्याची शक्यता किंवा मोठ्या कराराचा शब्द, तिथे दुसऱ्या माणसाची तपासणी आणि सही कायम ठेवा. ही दुसरी तपासणीही तुम्हीच करायला हवी असं नाही. चूक झाली की तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने : काय घडलं, ग्राहकाचं आत्ता काय करायचं, आणि पुढच्या वेळी ही चूक कुठल्या टप्प्यावर पकडली जाईल? ‘कुणी केलं’ हा प्रश्न यात नाही, कारण उत्तर बहुधा सगळ्यांना माहीत असतं.

आणि हे सुरू करण्याआधी तुमच्या वरिष्ठांना भेटा. त्यांना सांगा की पुढच्या दोन महिन्यांत किरकोळ चुका वाढलेल्या दिसतील, कोणत्या प्रकारच्या आणि कोणत्या नाहीत. दर शुक्रवारी तीन आकडे पाठवायचं कबूल करा : तुमच्याकडे आलेले प्रश्न, परत फिरलेली कामं आणि वेळेत मिटलेल्या तक्रारी. पहिला आकडा आधी उतरेल, दुसरा थोडा चढून उतरेल, तिसरा सर्वांत शेवटी हलेल. हा क्रम त्यांना आज माहीत असेल तर सहाव्या आठवड्यात तुमच्यावर सगळं परत हातात घेण्याचा दबाव येणार नाही. वही मात्र त्या भेटीआधीच सुरू करा. त्यांच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे १० दिवसांची नोंद हवी.